कै. नथ्थूजींचं फोल्डर

दादासाहेब बोचरे यांचं बोलून संपलं तेव्हा देऊळकरांचं पहिलंच वाक्य लिहून होत होतं.

पेन्सिल कुरकुरत होती आणि आम्ही सगळे तिकडे न बघण्याचा शिष्टाचार पाळत होतो. आदल्या वर्षी नागपूरला देऊळकरांचं ऑपरेशन झालं. कॅन्सर स्वरयंत्रात होता, स्वरयंत्र काढलं. माणूस वाचला, आवाज गेला. डॉक्टरांनी गळ्याला टेकवून बोलायचं एक यंत्र दिलं होतं. देऊळकरांनी ते एकदाच लावलं, कागदावर 'डब्यातली गोमाशी' असा शेरा लिहिला आणि यंत्र कपाटात टाकलं. तेव्हापासून ते लहान मुलांची दगडी पाटी घेऊन हिंडत. त्यामुळे त्यांचा राग नेहमी विषय बदलल्यावर पोचायचा.

"तर मग सर्वानुमते," दादासाहेब म्हणाले, "संग्रहाला कैलासवासी नथ्थूजींचं नाव."

देऊळकरांनी पाटी वर धरली. 'सभागृहाला द्या. कपाटाला द्या. कपबशांना द्या.'

"ते दिलंच आहे," दादासाहेब म्हणाले.

हे वऱ्हाडी बोली मंडळ. दादासाहेब त्याचे तहहयात अध्यक्ष. देऊळकर कॉलेजातून निवृत्त झालेले मराठीचे प्राध्यापक आणि मंडळात प्रत्यक्ष काम करणारे एकमेव सभासद, म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर येणारे. मी त्या काळी एका दैनिकात दर रविवारी लोकांना चिमटे काढत असे. लोक रविवारी हसायचे आणि सोमवारपासून पुन्हा तसेच वागायचे. तरी दादासाहेबांनी खबरदारी म्हणून मला मंडळाचा सल्लागार करून टाकलं होतं, सल्ला न देण्याच्या बोलीवर.

नथ्थूजी म्हणजे आमदारांचे वडील. त्यांनी हयातीत बोलीसाठी काय केलं असेल तर ती बोलले. पण आमदार मंडळाला नवे कॉम्प्युटर देणार होते आणि उद्घाटनाला त्यांना पडद्यावर वडिलांचं नाव दिसायला हवं होतं.

"अडचण काय आहे सर?" दादासाहेबांनी विचारलं. "कॉम्प्युटरवर तुमचं एक फोल्डर आहे. त्यावर 'देऊळकर' लिहिलंय. तिथं 'कैलासवासी नथ्थूजी' लिहायचं. संस्थेत व्यक्तिपूजा नको म्हणूनच म्हणतो."

देऊळकरांनी पाटी पुसली. त्यांनी एक घर काढलं. घराच्या चारी बाजूंनी घराकडे येणारे बाण काढले. प्रत्येक बाणाच्या शेपटीशी लिहिलं: जात्यावरची गाणी. लग्नाची गाणी. शिव्या. दर्यापूरकडचे.

"हे काय?" दादासाहेब.

मला ठाऊक होतं, कारण ते माझ्यावर आधी गुदरलं होतं. देऊळकरांनी खेडोपाडी फिरून म्हाताऱ्या बायाबाप्यांचे आवाज टेप केले होते. कॅसेटींना बुरशी लागायला लागली तेव्हा हा माणूस साठी उलटल्यावर कॉम्प्युटर शिकला, आणि सगळ्या कॅसेटी त्यात उतरवल्या. मंडळाने विंडोज घ्यायला नकार दिला म्हणून लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम शिकला. एखादी बाई जात्यावर बसून लग्नाचं गाणं म्हणते, मध्ये सासूला शिवी घालते. ते ध्वनिमुद्रण ठेवायचं कुठं? तिन्हीकडे ठेवावं तर जागा पुरत नाही. म्हणून मूळ ध्वनिमुद्रण एकाच ठिकाणी, 'देऊळकर' नावाच्या फोल्डरात. बाकी सगळीकडे नुसत्या सिंबॉलिक लिंका. दिसायला अगदी फाइल, तेच नाव, कोपऱ्यात एक छोटासा बाण. टिचकी मारली की ती मूळ घरी जाऊन आवाज घेऊन यायची. तिच्या पोटात आवाज नसतो, फक्त पत्ता असतो.

मी हे दादासाहेबांना सांगितलं.

"म्हणजे डुप्लिकेट," ते म्हणाले.

देऊळकरांनी मान जोरात हलवली आणि घरावर बोट ठेवून खाली लिहिलं: 'घराचं नाव बदललं की बाण चुकतात. सगळं मुकं होईल.'

"सर, तुमच्या तब्येतीपुढं नाव-गाव काय घेऊन बसलात," दादासाहेब मायेने म्हणाले. "आराम करा आता. गोटे, ठराव लिहा."

गोटे म्हणजे मंडळाचे कारकून. त्यांनी ठराव आधीच लिहून आणला होता.

खिडकीपाशी कॉम्प्युटरसमोर इंदुवहिनी, म्हणजे देऊळकरांच्या बायको, कानाला हेडफोन लावून मेथी निवडत बसल्या होत्या. ऑपरेशनपासून रोज दुपारी त्या नवऱ्याबरोबर यायच्या, भाजी आणायच्या आणि ऐकत बसायच्या. एक ध्वनिमुद्रण पुरतं ऐकतील तर शपथ. जरा ऐकायच्या, पुढचं लावायच्या, जरा ऐकायच्या, पुढचं. मध्येच स्वतःशी हसायच्या.

"वहिनींना बोलीची फार गोडी," दादासाहेब बैठकीतून उठता उठता म्हणाले. "पण एका जागी लक्ष नाही."

वहिनींनी ऐकलं नाही. त्या दुसरीकडेच होत्या.

*

देऊळकरांची काम करायची पद्धत मी एकदा पाहिली होती, त्यांचा आवाज शाबूत असताना. एका म्हातारीसमोर ओट्यावर मांडी घालून बसले, टेपरेकॉर्डर सुरू केला.

"नाव सांग माय. गाव सांग."

म्हातारीने नाव सांगितलं, गाव सांगितलं.

"हं. मंग?"

एवढंच. मग ते गप्प बसायचे. प्रश्न नाही, खोकला नाही, घड्याळाकडे बघणं नाही. ती शांतता समोरच्या माणसाला सोसायची नाही. म्हातारी पदर चावायची, आत बघायची, 'काय सांगू बापा' म्हणायची, आणि मग एकदम सुरू व्हायची. नवरा, सवत, दुष्काळ, गाणं.

"तुम्ही काहीच विचारत नाही," मी परतताना एसटीत म्हणालो.

"माणसाला 'मंग' म्हणणारं कोणी भेटत नाही हो," देऊळकर म्हणाले होते. "सगळे 'बरं' म्हणणारे भेटतात."

*

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी हॉलवर पोचलो तर वहिनी हेडफोन हातात धरून उभ्या होत्या. चेहरा उतरलेला.

"भाऊजी, बघा नं. एकही लागत नाही. सगळ्यावर फुल्या आल्या."

पडद्यावर यादी जिथल्या तिथं होती. चंद्राबाई, भागीरथी, सोनाबाई, शेषराव गुरव. फक्त प्रत्येक नावाला फुली.

"मी काई नाई केलं," गोटे आपणहून म्हणाले. "दादासायेब म्हनले नाव बदल. मी नाव बदललं. फाइलीले हात लावला असन तर हात झडो माहा."

देऊळकर आले. पडदा पाहिला. पाटी शोधली नाही की चिडले नाहीत, सरळ कीबोर्डवर बसले आणि एक ओळ टाईप केली. फुल्या गेल्या. वहिनींनी हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले आणि खुर्चीत टेकल्या.

"काय केलं?" मी विचारलं.

पाटीवर उत्तर आलं. घर होतं, त्यावर 'नथ्थूजी'. शेजारी एक नवा बाण, त्यावर 'देऊळकर'. जुने सगळे बाण 'देऊळकर'कडे यायचे आणि तो त्यांना नथ्थूजींच्या दारात नेऊन सोडायचा.

मला ते आवडलं. आमदारांचे वडील पडद्यावर, आवाज जागेवर, सगळे खूश. मी अजून दादासाहेबांना पुरता ओळखत नव्हतो.

ते हार-तुऱ्यांची तयारी बघून आत आले आणि पडद्यापाशी थबकले.

"हे 'देऊळकर' पुन्हा कुठून आलं?"

"तो नुसता बाण आहे दादासाहेब," मी म्हणालो.

"पण नाव दिसतंय ना! कैलासवासी माणसाच्या शेजारी जिवंत माणूस? आमदारांना काय वाटेल?"

देऊळकरांनी लिहिलं: 'हा काढला तर आमदारांना काही ऐकू येणार नाही.'

दादासाहेबांनी ते दोनदा वाचलं. "ठीक. कार्यक्रमापुरता राहू द्या."

कार्यक्रम झाला. नवे कॉम्प्युटर हार घालून मांडले होते, पण आवाज अजून जुन्यावरच होते. आमदारांनी पडद्यावर वडिलांचं नाव पाहिलं, नमस्कार केला, फोटो निघाला. मग त्यांना एक गाणं लावायला दिलं. हॉलमधल्या दोन्ही भोंग्यांतून, गाण्याच्या आधी, एक भरदार, खेळकर, थोडा तंबाखू खाल्लेला आवाज आला:

"नाव सांग माय. गाव सांग."

तिसऱ्या रांगेत देऊळकर बसले होते. गळ्याभोवती मफलर, मांडीवर पाटी. त्यांनी मान खाली घातली.

"हं. मंग?" भोंगा म्हणाला.

"कोण आहे हा?" आमदारांनी दादासाहेबांना विचारलं. माईक सुरू होता, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच विचारलं गेलं.

"आहे आपला एक माणूस," दादासाहेब म्हणाले. "सुरुवातीची बडबड आहे साहेब. ती कापून घेऊ पुढच्या वेळेपर्यंत."

मी वहिनींकडे पाहिलं. त्या भोंग्याकडे बघत होत्या, जसं कोणी दारात आलेल्या माणसाकडे बघतं.

*

नंतर देऊळकर मंडळात आले नाहीत. दादासाहेबांनी त्यांच्याकडून मंडळाच्या कुलपाची किल्ली मागून घेतली, 'आराम मिळावा म्हणून', आणि निरोपाबरोबर शाल पाठवली. पुढल्या महिन्यात दुखणं उलटलं. देऊळकरांना परत नागपूरला नेलं. मी भेटायला गेलो तेव्हा पाटी उशाला होती. त्यांनी हाताने विचारलं: चालू आहे ना?

मी म्हणालो, चालू आहे. मला तसंच वाटत होतं.

त्यांनी पाटीवर फार सावकाश लिहिलं: 'इंदूला ऐकू द्या.'

मी म्हणालो, त्यात काय, रोज येऊ द्या.

दिवाळीआधी देऊळकर गेले.

त्यांचं सगळं उरकल्यावर इंदुवहिनी एका दुपारी मंडळात आल्या. त्या दिवशी भाजी आणली नव्हती. मी नेमका तिथं फुकटची वर्तमानपत्रं वाचत होतो. खिडकीपाशी आमदारांचे नवे, काळे, चकचकीत कॉम्प्युटर मांडले होते. प्रत्येकावर नथ्थूजींच्या फोटोचा स्टिकर.

"भाऊजी, एक लावून द्या नं. कोणतंही."

मी फोल्डर उघडलं. यादी ओळखीची होती. चंद्राबाई, भागीरथी, सोनाबाई. टिचकी मारली. काही नाही. दुसरी, तिसरी. शेषराव गुरव. सगळ्यांवर फुली.

"शेवटपर्यंत नको मला," वहिनी घाईने म्हणाल्या, जणू अडचण तीच होती. "गाणं नसलं तरी चालते. फक्त सुरुवातीचं. ते 'नाव सांग' म्हणतात तेवढंच."

मी माऊस सोडून त्यांच्याकडे वळलो.

"त्यांचा आवाज दुसरा कुठंच नाही भाऊजी," त्या म्हणाल्या. "लग्नात टेप नव्हता. पोरीच्या लग्नाची शूटिंग केली, तर हेच कॅमेऱ्यामागं उभे, अन् आवाज बँडचा. सगळ्या जगाचा आवाज भरून ठेवला, स्वतःचा तेवढाच राहिला, प्रत्येकीच्या आधी. मी काय गाणी ऐकाले येत होती काय? प्रत्येकीले वेगळं 'मंग' म्हणायचे. कोणाले हळू, कोणाले हसून. मी आपली बसून ऐकत होती."

मी गोट्यांना हाक मारली. गोटे आले, पडदा पाहिला आणि कानामागे खाजवू लागले.

"जुन्यावरून कोणी आणलं यावर?"

"कंपनीचा मानूस आला होता. दादासायेब सोता बसले होते बाजूले. सगळे फोल्डर कापी केले. जात्याचे, लग्नाचे, सगळे. लय जल्दी झालं साहेब! चहा याच्या आत. दादासायेब म्हनले, पाहा, नवी मशीन कशी पयते."

चहा येईपर्यंत झालं, कारण बाण उचलायला वेळ लागत नाही.

"आणि नथ्थूजींचं फोल्डर? मोठं? ते नाही घेतलं?"

"ते कायले घ्यायचं?" गोटे म्हणाले. "नथ्थूजी इथं पहिलेच होते नं. नव्या कॉम्प्युटरवर उद्घाटनाच्या दिवशीच फोल्डर बनवलं होतं, आमदार सायबाच्या बाबूजीचा फोटो टाकून. कंपनीवाला म्हने हेही आनायचं काय, तं दादासायेब म्हनले, नथ्थूजी तं आहेतच, दोन-दोन कायले."

मी नथ्थूजींचं फोल्डर उघडलं. आत नथ्थूजी होते. फेटा, मिशा, उजव्या बाजूला कुंडी. दुसरं काही नव्हतं.

"जुनी मशीन कुठाय?"

"एक्सचेंजमंधी गेली."

मी त्याच दिवशी त्या दुकानात गेलो. मालक चांगला माणूस होता. मशीन पुसून, नवी सिस्टीम टाकून त्याने सिमेंटच्या दुकानाला बिलं करायला विकली होती. मी सिमेंटच्या दुकानातही गेलो. मशीन छान चालत होती. बुरशी लागलेल्या कॅसेटी मंडळाने कधीच काढून टाकल्या होत्या, आणि दुसरी प्रत ठेवण्यासाठी डिस्क घ्यावी ही देऊळकरांची मागणी पुढच्या बैठकीवर ढकललेली होती. ती पुढची बैठक अजून व्हायची आहे.

दादासाहेबांना मी हे सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावरची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली.

"पण नावं तर सगळी आहेत," ते म्हणाले.

"नावंच आहेत."

"मग अहवालात अडचण नाही. आणि खरं सांगू का, वहिनी सोडून कोण ऐकत होतं?"

*

देऊळकरांच्या पहिल्या पुण्यतिथीला मंडळाने ठराव केला. देऊळकर आता रीतसर कैलासवासी झाल्यामुळे त्यांचं नाव द्यायला कसलीच हरकत उरली नव्हती. पडद्यावर 'कै. देऊळकर' असं नवं फोल्डर तयार झालं, नथ्थूजींच्या शेजारी. उद्घाटन इंदुवहिनींच्या हस्ते.

मी त्यांच्या घरी गेलो. "येऊ नका," म्हणालो. "आत काहीच नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "येते मी."

त्या आल्या. हातात कापडी पिशवी. दादासाहेबांनी बोली, माती आणि देऊळकरांची निष्ठा यांवर अर्धा तास भाषण केलं. मग वहिनींना माऊस दिला. त्यांनी टिचकी मारली. रिकामा पांढरा चौकोन उघडला. टाळ्या झाल्या.

"वहिनी, दोन शब्द," दादासाहेब म्हणाले आणि माईक पुढे केला.

वहिनींनी माईक घेतला नाही. पिशवीतून देऊळकरांचा जुना टेपरेकॉर्डर काढला आणि टेबलावर दादासाहेबांच्या पुढ्यात ठेवला. आत कोरी कॅसेट होती. त्यांनी बटण दाबलं. खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या.

"नाव सांगा," त्या म्हणाल्या. "गाव सांगा."

दादासाहेबांना तो सत्कारच वाटला. त्यांनी कोट ओढला, घसा साफ केला. नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. गाव सांगितलं, तालुक्यासकट. मग ते भूषवत असलेली पदं सांगितली, भूषवलेली सांगितली आणि ज्यांसाठी त्यांचं नाव चर्चेत होतं ती सांगितली. मग थांबले आणि हसले.

"हं," वहिनी म्हणाल्या. "मंग?"

दादासाहेबांनी आमच्याकडे पाहिलं. गोट्यांनी पायांकडे पाहिलं. वहिनी हलल्या नाहीत, खोकल्या नाहीत, घड्याळाकडे त्यांनी पाहिलं नाही. पंखा फिरत होता. दादासाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. कपाळावरून रुमाल फिरवला. मागच्या रांगेत कोणीतरी खुर्ची सरकवली. कॅसेट फिरत राहिली, खट् करून थांबेपर्यंत.

वहिनींनी कॅसेट काढून गोट्यांच्या हातात दिली. "ही घाला त्यांच्या फोल्डरात," म्हणाल्या, आणि पिशवी घेऊन निघून गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत.

गोटे सांगितलेलं काम करणारे. त्यांनी ती कॉम्प्युटरवर उतरवून घातली. मी अजूनही मंडळाचा सल्लागार आहे, कारण माझं नाव काढायचं कोणाच्या लक्षात आलेलं नाही. कधी तिकडून गेलो तर बसतो, खिडकीपाशी. यादी आहे तशी आहे, सगळी नावं, सगळ्यांवर फुली. कै. देऊळकरांच्या फोल्डरात एकच फाइल आहे आणि तिच्यावर बाण नाही. ती मूळची आहे. मंडळाच्या संग्रहात ऐकू येतो असा तेवढा एकच आवाज: एका माणसाचं नाव, गाव, पदं, मग एका बाईचं 'मंग', आणि त्यापुढे बाजू संपेपर्यंत पंखा.